वन्सं, तुमची सत्तरी

वन्सं, काल तुमचा तेरावा झाला. पानं उठली, पाहुणे आपापल्या वाटेने गेले, माजघर सारवून झालं आणि तिन्हीसांजेला तुमच्या जागेवरचा दिवाही उचलला. आज दुपारी घरातली सगळी लवंडली आहेत आणि मला काही केल्या डोळा लागत नाही. या वेळेला आपण दोघी पडवीत बसायचो. तुम्ही वाती वळायच्या, मी तांदूळ निवडायचे, आणि कशावरून तरी आपलं वाजायचं. आज भांडायला कोणी नाही म्हणून कागद घेऊन बसले आहे. मला लिहायला तुमच्या भावाने शिकवलं खरं, पण खुशालीच्या चार ओळींपुढे मी कधी गेले नाही. आज जरा पुढे जाते, हसू नका.

खरं म्हणजे या पंधरवड्यात मला वेगळंच लिहायचं होतं. मुंबईच्या सुनेच्या माहेरी, कोल्हापुरातल्या माझ्या बहिणीला, सगळ्यांना कळवायचं होतं की आमच्या वन्संना सत्तर वर्षं पुरी झाली, आणि आम्ही त्यांना पाटावर बसवून सत्तर दिव्यांनी ओवाळलं. वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं. आता ते कोणाला लिहू?

मी या घरात आले तेव्हा अकरा वर्षांची होते आणि तुम्ही ऐन तरुण होतात. लाल आलवणाचा पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. मला वाटलं, ही कोणीतरी म्हातारी बाई. मग पदर सरकला आणि तुमचा चेहरा दिसला, तेव्हा मी आईला हाक मारून रडायला लागले. तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही म्हणालात, "रड हो. पण आधी वेणी घालून घे. सुटे केस घेऊन रडलं की डोळ्यांत जातात." आणि मला पुढ्यात बसवलंत. त्या दिवसापासून माझी मोठी मुलगी हाताशी येईपर्यंत रोज माझी वेणी तुम्ही घातलीत. तुमच्या डोक्यावर वस्तरा फिरायचा आणि माझ्या डोक्यात तुम्ही खोबरेल जिरवायच्या. ते करताना तुम्हाला काय वाटायचं, हे मला एकदा विचारायचं होतं. धीर झाला नाही. मग सवय झाली, आणि सवयीच्या गोष्टी कोण कोणाला विचारतं?

तुमचं लग्न आठव्या वर्षी झालं आणि नवव्या वर्षी तुम्ही परत आलात, त्या कायमच्या. हे मला तुम्ही सांगितलं नाही, सासूबाईंनी सांगितलं. तुम्ही फक्त कामं करत राहिलात. माझी पाचही बाळंतपणं तुम्ही निस्तरलीत. मुलांचा वाढदिवस आला की पहाटे उठून तुम्हीच तांदळाचं पीठ उकडायच्या, त्यात गूळ घालून दिवे घडवायच्या. पाटाभोवती रांगोळी तुमची, निरांजनातली वात तुमची, तूप तुम्ही कढवलेलं. सगळं तबक सजवून माझ्या हातात द्यायच्या, आणि आता ओवाळायचं म्हटलं की तुम्हाला हटकून विहिरीवर काम निघायचं. मी इकडे दिवा फिरवते आहे आणि मागे आगरात रहाट कुरकुरतो आहे. पाच मुलांच्या सगळ्या वाढदिवसांना तो रहाट मी ऐकला. थोरला तर लहानपणी म्हणायचा, "आई, वाढदिवसाला रहाट वाजवावाच लागतो का गो?"

पण माझ्या डोक्यात ती गोष्ट पक्की बसली तुमच्या भावाच्या साठीला. साठीची शांत थाटात झाली. मांडव, होम, साठ दिवे, गावातल्या झाडून सगळ्या सवाष्णी. तुमचा पाठचा भाऊ, तुम्ही कडेवर खेळवलेला, साठीचा होऊन पाटावर बसला होता, आणि भटजींचे मंत्र मोठे की तो रहाट मोठा असं मला झालं होतं. इतकं पाणी कशाला लागत होतं हो तुम्हाला? नंतर मी न्हाणीत गेले तर हंडे, घागरी, कळश्या, झालंच तर गुरांची डोणसुद्धा काठोकाठ भरलेली. मी तिथेच उभी राहून ठरवलं की तुमच्या सत्तरीला हा रहाट वाजू द्यायचा नाही. तुम्हाला पाटावर बसवायचं आणि मी ओवाळायचं.

तुम्हाला सांगितलं मात्र दोन वर्षांनी, यंदाच्या दिवाळीत. तुम्ही करंज्यांना मुरड घालत होतात.

"माझी कसली गो सत्तरी?" तुम्ही म्हणालात. "माझी काय मुंज लावायची आहे?"

"मुंज नको. नुसतं ओवाळीन."

"जळ्ळी मेली हौस ती! बोडकीला कोणी ओवाळतं? चार बायका तोंडात शेण घालतील तुझ्या."

"घालू देत. मी बोलावलं तर येतील ना?"

त्या दिवशी तुमच्या करंज्यांची मुरड बिघडली. मी पाहिलं ते.

भटजींना विचारलं. ते म्हणाले, शांत करता येणार नाही, विधवा स्त्रीला आधार नाही. गावात तेव्हा सुधारणेच्या सभा होत होत्या, एका पंगतीला सगळ्या जातींनी बसावं म्हणून भाषणं होत होती, आणि आमच्या भटजींना सत्तर वर्षांच्या बाईला पाटावर बसवायला आधार सापडत नव्हता. मी म्हटलं, "शांत नकोच आहे, मला घरच्या घरी ओवाळायचंय." तर ते उपरणं झटकत म्हणाले, "तुमच्या माजघरात तुम्ही काय करता ते बघायला मी येत नाही, जानकीबाई." माणूस वाईट नाही. यापेक्षा जास्त त्यांच्याने देववलं नसतं.

तुमचे भाऊ म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. जन्म कोर्टात कारकुनी करण्यात गेला. हो म्हटलं तर अंगाशी येईल, नाही म्हटलं तर मनाला लागेल, म्हणून म्हणाले, "करा, नका करू, मला विचारू नका." मी म्हटलं, बरं, विचारत नाही.

मग तिथीचं आलं. तुमची पत्रिका लग्नात सासरी गेली ती गेलीच, परत मागायचं कोणाला सुचलं नाही. सासूबाई जाऊनही तपं लोटली होती. म्हणजे तिथी फक्त तुम्हाला ठाऊक. मी मागे लागले, आर्जवं केली, रुसले. शेवटी एक दिवस तुम्ही म्हणालात, "मार्गशीर्ष वद्य एकादशी. झालं समाधान?" मी इतकी हुरळले की लगेच बेत आखायला लागले. पुरणपोळी, सत्तर गोड दिवे, मुंबईहून थोरला आणि सून. रात्री जेवताना तुमच्या भावाला बेत सांगितला, तर ते मिशीत हसायला लागले. "एकादशीला पुरणपोळी?" म्हणाले. तुम्ही स्वयंपाकघरात पदराआड हसत होतात, ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. तांदळाचे दिवे ओवाळून झाले की पहिला दिवा ज्याचा वाढदिवस त्याने तुपाशी खायचा, ही आपल्या घरची रीत. एकादशीला तांदूळ खायचा कसा? म्हणजे पाट नाही, दिवे नाहीत, काही नाही. बाई हुशार. मी तणतणत आत आले.

"तुम्ही मुद्दाम खोटी तिथी सांगितलीत!"

"खोटी नाही गो. आईने सांगितलेली. एकादशीलाच जन्मले मी." तुम्ही चुलीतली लाकडं मागे ओढलीत. "म्हणून तर जन्मभर उपासच घडले."

तुम्ही हसत बोललात, वन्सं, पण मला हसता आलं नाही. मी तिथेच तुमच्याजवळ बसले. मग तुम्हीच म्हणालात, "बारशीला पारणं असतं. त्या दिवशी भात शिजतोच. काय ते तेव्हा कर जा." पडत्या फळाची आज्ञा! मी दुसऱ्या दिवशी उजाडताच तांदूळ धुवून वाळत घातले.

तुमच्या अटी काही कमी नव्हत्या. आळीतलं कोणी नको. आलवण बदलणार नाही. कुंकवाचं बोट लावायचं नाही. कुंकवावरून आपलं चांगलं चार दिवस वाजलं, तेव्हा कुठे देवाचं गंध ठरलं. आणि दिव्यांचं. आपल्याकडे वयाइतके दिवे लावले की वर एक वाढीचा लावतात, पुढच्या वर्षासाठी. तुम्ही म्हणालात, "वाढीचा नको. मला कशास हवी वाढ? पुरे झालं."

"वाढीचा लावल्याशिवाय ओवाळणं होत नाही."

"मग त्याची वात तू वळ. मी वळणार नाही."

सत्तर वाती तुम्ही वळल्यात, एकीसारखी एक. शेवटची मी वळली. माझी वात म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, डोकं एकीकडे नि शेपूट एकीकडे. तुम्ही ती हातात घेऊन म्हणालात, "ही जळेल की नाही शंकाच आहे," आणि आपल्या वातींच्या शेजारी डबीत ठेवून दिलीत. तो वाद तसाच राहिला.

आता त्या सकाळचं. एकादशीचा दिवस. थोरला मुंबईहून बोटीत बसलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर उतरणार. मी माळ्यावरून मोठा पाट काढून, चिंचेने त्याची पितळी फुलं घासून माजघरात उन्हाच्या तिरिपेत वाळत ठेवला होता. तुम्ही आंघोळ करून, जप आटपून आलात आणि पाटाजवळ घुटमळलात. मला वाटलं, आता काहीतरी नवीन आडकाठी काढणार. तर तुम्ही हळूच म्हणालात, "अगो जानकी, एकदा करून दाखवत्येस का?"

"काय करून?"

"ते… उद्याचं. मला बसायचं कसं ते ठाऊक नाही."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, "वन्सं, जन्मभर तुम्हीच तर सगळी तयारी केलीत."

"तयारी केली गो. पुढचं मी कधी पाहिलंय?"

वन्सं, हे मला सुचलंच नव्हतं. दरवेळी तुम्ही विहिरीवर. घरातली इतकी ओवाळणी झाली आणि तुम्ही त्यातलं एकही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "लग्नात तुम्हाला ओवाळलं असेल की." तुम्ही म्हणालात, "असेल. मला फार झोप येत होती तेवढं आठवतं."

मी तुम्हाला पाटावर बसवलं. गुडघा वाकेना, तर माझ्या खांद्याला धरून बसलात. तोंड पूर्वेला. मग तुमचे प्रश्न सुरू झाले. हात जोडायचे की मांडीवर ठेवायचे? डोळे मिटायचे का? ओवाळणाऱ्याकडे बघायचं की दिव्याकडे? इतकी कामं लीलया करणारी बाई, आणि दोन हात कुठे ठेवावे हे तिला कळत नव्हतं. मी म्हटलं, "हात मांडीवर. डोळे उघडे. तोंड जरा वर करा, आणि हसा."

"हसायचं असतं होय?"

"हसायचंच असतं."

दिवे अजून घडवायचे होते, पीठ डब्यात होतं. मी चांदीचं तबक फडताळातून काढलं आणि तसंच रिकामं घेऊन तुमच्यापुढे उभी राहिले. एकदा फिरवलं तर तुम्ही खुदकन हसलात, परकरी मुलीसारख्या. "काही नाही त्यात नि फिरवत्येस काय वेड्यासारखी!" मी म्हटलं, "गप्प बसा, ओवाळताना बोलायचं नसतं." मग तुम्ही खरंच गप्प बसलात. तोंड वर केलंत. पदर जरा मागे सरकला होता तो तुम्ही ओढून घेतला नाहीत. मी रीतीप्रमाणे सगळं केलं, डोक्यावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडलीसुद्धा. तुम्ही उठलात आणि म्हणालात, "बरं, समजलं. उद्या चुकायची नाही."

दुपारी फराळाला एक केळं खाल्लंत, पडवीत चटई टाकून आडव्या झालात. दिवेलागणीला मी उठवायला आले. हात मांडीवर ठेवायचे असं मी सांगितलं होतं, तर तुमचे दोन्ही हात तसेच पोटाशी नीट ठेवलेले होते. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारवली नाही.

थोरल्याची बोट वेळेवर आली. तो, सून आणि धाकटी नात पडावातून उतरून हसतहसत घरी आली. नातीच्या हातात तुमच्यासाठी आणलेली पांढरी शाल होती, कागदात गुंडाळलेली. दारातली माणसं पाहून थोरल्याने ती तिच्या हातातून घेतली आणि स्वतःच तुमच्या अंगावर घातली. तुमच्या सासरचं कोणी उरलं नव्हतं, म्हणून पुढचं सगळं आपल्या घरूनच झालं. आळीतल्या ज्या बायकांना तुम्ही नको म्हणाला होतात त्या सगळ्या आल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. त्यांच्या बाळंतपणांनाही तुम्हीच धावला होतात.

संध्याकाळी तुमच्या जागेवर ठेवायला कणकेचा दिवा केला. वातीसाठी डबी उघडली. तुमच्या वातींना हात लावायचं माझ्याने झालं नाही, म्हणून माझी ती वेडीवाकडी, वाढीची वात घेतली. जळली हो, वन्सं. पहाटेपर्यंत जळली. तेवढ्यापुरती मी जिंकले.

या तेरा दिवसांत मला एकच गोष्ट खात होती. मी तुम्हाला रिकाम्या तबकाने ओवाळलं. आयुष्यात एकदा ही बाई पाटावर बसली, आणि माझ्या हातात दिवा नव्हता. एक निरांजन लावायला कितीसा वेळ लागला असता? देवघर चार पावलांवर होतं. पण उद्या आहेच की, असं वाटलं. आपल्याला नेहमी उद्या असतोच.

काल रात्री सगळं आटपल्यावर तुमचे भाऊ माजघरात आले. माजघरात पाऊल टाकण्याआधी खाकरायची त्यांची सवय तुम्हाला ठाऊक आहे. काल खाकरले नाहीत. तो पाट भिंतीला टेकून ठेवला होता, त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"मी पाहिलं त्या दिवशी," म्हणाले.

"काय पाहिलंत?"

"आक्काला ओवाळत होतीस ते. दाराशी आलो होतो. मग तसाच मागे फिरलो."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "अहो, ते खरं नव्हतं. नुसतं दाखवत होते. तबक रिकामं होतं."

"नव्हतं."

"माझ्या हातात होतं, आणि तुम्ही मला सांगता? तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू."

"तबक मला दिसलं नाही," ते म्हणाले. "आक्काचं तोंड दिसलं. जन्मल्यापासून बघतोय मी तिला. तसं तोंड कधी पाहिलं नव्हतं. दिवा असल्याशिवाय तसं दिसायचं नाही माणसाचं तोंड." आणि डोळ्यांना उपरणं लावून बाहेर गेले.

वन्सं, उन्हाची तिरीप होती हो ती. पूर्वेची खिडकी उघडी होती. मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक असेल. पण कोर्टात जन्म काढलेला माणूस आहे, खात्री असल्याशिवाय साक्ष द्यायचा नाही. तुमच्याशी मी या घरात त्रेचाळीस वर्षं भांडले, आणि एकदाही हार मानली नाही. या एका भांडणात मात्र मला हरायचं आहे. तबकात दिवा होता. तुम्हीही तसंच म्हणा.